१४ खालची टीम निवडायची आहे, फिटनेस टेस्टला किती धरायचं?

शाळेचा_पीटी:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्याच एका शाळेत पीटी शिकवतो, फुटबॉलची टीमपण माझ्याच गळ्यात. १४ खालच्या टीमला यंदा ६० च्या वर पोरं आलीत आणि घ्यायची १८. दरवर्षी चार दिवस गेम लावून बघायचो आणि नावं काढायचो, पण यंदा मॅनेजमेंटमधल्या एकांना सायंटिफिक सिलेक्शन पायजे, म्हणजे टेस्ट घ्या, मार्क द्या, एक्सेल करा, वरची १८ उचला आणि पालक भांडायला आले की कागद दाखवा. मग घेतल्या. ३० मीटर, ६ बाय १० शटल (१० मीटर सहा वेळा वळून वळून पळायचं), उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल (जड बॉल लांब फेकायचा) आणि ८०० मीटर.

आता लिस्ट समोर आहे आणि डोकं फिरलंय. वरच्या १० पोरांतल्या निम्म्यांना मिसरूड फुटलंय, आवाज फुटलाय. आणि सगळ्यात एकच पोरगा असा आहे की जो पास द्यायच्या आधी मान वर करून बघतो, बॉल पायाला चिकटल्यासारखा असतो, तो खालून सहावा. उंची ४ फूट ६ इंच, वजन ३२ किलो. मेडिसिन बॉल त्यानं टाकला का बॉलनं त्याला टाकलं कळलं नाही. लिस्ट आहे तशी लावू का? टेस्ट चुकीची म्हणावं तर आकडे मीच घेतलेत.

पेठकर७:
सर लिस्ट फाडा. फुटबॉल काय पोलीस भरती हाय व्हय? आमचं निम्मं आयुष्य शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलं, पेठेतली टीम पाटाकडील असू दे न्हाईतर शिवाजी तरुण मंडळ, पब्लिक उन्हात बसतंय कुणासाठी, तर बॉल पायात आला की दोघांना गंडवून जाणाऱ्यासाठी. ३० मीटर किती सेकंदात पळाला हे आजपतोर कुणी इचारलं न्हाई. त्या बारक्याला घ्या डोळं झाकून.

दुधाळीचा_विंगर:
पेठकर, पाटाकडीलचं नाव आधी घेतलं म्हणजे कळलं कुठल्या पायरीवर बसता 😄 दिलबहार काय मेली काय?

मॉडरेटर:
पेठांचा धागा वेगळा आहे, तिकडं जावा. इथं सरांचं बघा.

वशिलामुक्त:
पेठकर दादा, तुमचं बरंय, तुम्ही पेठेत जन्माला आलात. "डोळ्यानं बघून निवड" म्हणजे काय असतंय ते आम्हा राधानगरीकडच्यांना विचारा. आमच्या वेळी जिल्ह्याच्या निवडीला एसटीनं यायचं, सगळ्यांबरोबर दहा मिनिटं खेळायचं, त्यात बॉल पायाला लागला तर लागला, आणि नावं वाचली की सगळी शहरातली, कुणाचा भाऊ सीनियर टीममध्ये, कुणाचा मामा कमिटीत. मग क्रीडा प्रबोधिनीच्या (खेळाडू तयार करायची सरकारी निवासी संस्था) चाचण्या आल्या, त्याच ज्या सरांनी घेतल्यात, वर उंची, वजन, उभी उडी आणि वाकून पुढं हात टेकवायचं. तिथं टेप लावला, आकडा लिहिला, माझ्या वर्गातलं एक पोरगं त्यावर पुढं गेलं. त्याच्या बापाचं नाव कुणी विचारलं नाही. आकडा वाईट असेल पण आकड्याला फोन करता येत नाही. लिस्ट फाडा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की तिच्या जागी काय, तर कुणाचा तरी डोळा. आणि डोळा कुणाचा?

पेठकर७:
ह्ये बी खरं हाय भावा. पण अनिकेत जाधव बघ की, आपल्या कोल्हापूरचाच, तो पुण्याला प्रबोधिनीत गेला आणि २०१७ ला १७ खालच्या वर्ल्ड कपला खेळला. कुणीतरी डोळ्यानं बघितलाच असंल की त्याला.

वशिलामुक्त:
डोळ्यानं पण बघितला असेल आणि टेप पण लावला असेल. तेच म्हणतोय मी.

गुडघेदुखी:
मी फिजिओ आहे, रोज १३-१४ ची पोरं गुडघा धरून येतात म्हणून हे नाव. सर, तुमचे आकडे चुकलेले नसणार. बरोबर आकडे आहेत, फक्त ते फुटबॉलचे नाहीत, वाढीचे आहेत.

सांगतो कसं. मुलगा वयात येताना एक काळ असा येतो की उंची एकदम सुटते. एरवी वर्षाला ५ सेमीच्या आसपास वाढणारं पोर त्या वर्षात ९-१० सेमी वाढतं. मुलांत हे सरासरी १४ च्या आसपास होतं, मुलींत १२ च्या आसपास. पण सरासरीच ती. कुणाचं १२ ला सुरू होतं, कुणाचं १६ ला. त्यामुळं जन्मतारखेनं १३ वर्षांची पोरं एका रांगेत उभी केली तर हाडांच्या वयानं त्यांच्यात तीन-चार वर्षांचा फरक सहज निघतो. उंची सुटली की पाठोपाठ स्नायू भरतात, ताकद आणि उडी उंचीच्या मागून सहा महिने ते वर्षभरानं जोर धरते. आता तुमच्या टेस्ट बघा, मेडिसिन बॉल म्हणजे सरळ वजन आणि हाताची लांबी, लांब उडी आणि ३० मीटर म्हणजे पायातली ताकद. त्या पाचात तुम्ही एकच गोष्ट चार वेळा मोजलीय, कोण आधी मोठा झाला. ८०० मीटरमध्ये थोडं वेगळं काही दिसेल, तेपण थोडंच.

आणि गंमत अशी की मिसरूडवाल्यांची ही आघाडी टिकत नाही. १७-१८ पर्यंत बाकीचे गाठतात. पण तोपर्यंत बाकीच्यांना आपण घरी पाठवलेलं असतं, आणि वरच्या दहाजणांना चार वर्षं फक्त अंगावर जाऊन जिंकायची सवय लागलेली असते, बॉल ताब्यात ठेवायची गरजच पडलेली नसते.

अजून एक सर, उंची सुटण्याच्या त्या वर्षभरात पोरं वेडीवाकडी पळतात, पाय स्वतःचे वाटत नाहीत त्यांना. कालपर्यंत चांगला खेळणारा अचानक अडखळायला लागतो आणि आपण म्हणतो माजला, लक्ष नाही. गुडघ्याखाली जिथं नस हाडाला चिकटते तिथं दुखणं आणि टाचेच्या मागं दुखणं हे याच काळातलं. अशा पोराकडून ३० मीटर काढून घेतलं तर आकडा मागच्या वर्षीपेक्षा वाईट येऊ शकतो. त्याला त्या दिवशी कापू नका एवढंच.

शाळेचा_पीटी:
म्हणजे त्या ३२ किलोवाल्याचं अजून सुरूच झालेलं नाही?

गुडघेदुखी:
हाडांचा फोटो न बघता सांगू नये, पण ४ फूट ६ म्हणजे बहुतेक नाही. आईबापाची उंची विचारा. दोघं उंच असतील तर तुमच्या हातात सोनं आहे.

पेठकर७:
आन दोघं बुटकी असली तर? मेस्सी काय उंच हाय व्हय. सुनील छेत्री तरी कुठं उंच हाय. ग्रीझमनला फ्रान्समधल्या क्लबांनी बारका म्हणून परत धाडला, शेवटी स्पेनमध्ये जाऊन मोठा झाला आणि फ्रान्सलाच वर्ल्ड कप जिंकून दिला.

गुडघेदुखी:
मान्य पेठकर दादा. "सोनं" उंचीसाठी नव्हतो म्हणत, बोललो तसं खरं. सांगायचं होतं की आत्ता दिसतोय तो शेवटचा साइज नाही.

आकडेमोड:
उशिरा आलो पण सरांचा एक्सेल बघायची लई इच्छा आहे. सर एक करा, शेजारी जन्ममहिन्याचा कॉलम टाका. शालेय स्पर्धेचं वय १ जानेवारीनं मोजतात, म्हणजे १४ खाली जानेवारीतला आणि डिसेंबरमधला एकाच गटात, दोघांत जवळजवळ वर्षाचा फरक. १३ व्या वर्षी एक वर्ष म्हणजे लई मोठं. कॅनडात १९८५ साली आइस हॉकीच्या पोरांवर हे दाखवलं की निवडलेल्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त भरतात, नंतर जगभर फुटबॉलमध्ये तेच सापडत गेलं. आणि हे फक्त टेस्टमुळं नाही, डोळ्यानं निवडलं तरी होतंय. पेठकर दादांचा डोळापण मोठ्या पोराकडंच आधी जातो, त्यांना कळत नसेल.

पण आपल्याकडं एक अडचण आहे. १ जून 😄

वशिलामुक्त:
हाहाहा. आमच्या घरात बा, चुलता आणि थोरली आत्या तिघांचा वाढदिवस १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना टाकला तो टाकला.

आकडेमोड:
तेच. आता जन्माचे दाखले नीट असतात म्हणा, पण गावाकडच्या काही पोरांचं अजून बघावं लागतंय. आणि दाखला बनवून आणणारे वेगळेच.

दुसरी गोष्ट घड्याळ. ३० मीटर हातातल्या स्टॉपवॉचनं घेतला ना? दाबणाऱ्याची बोटं कधी आधी कधी मागं. ॲथलेटिक्सवाले १०० मीटरला हातानं घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिकशी जुळवताना ०.२४ सेकंद वाढवून धरायचे, एवढा फरक मान्यच आहे. मग ४.९ वाला आत आणि ५.० वाला बाहेर असं करणं म्हणजे चिठ्ठी टाकण्यासारखंच झालं. त्यात एक बॅच सकाळी ओल्या गवतावर पळाली आणि दुसरी दुपारी वाळलेल्या मातीवर, एकाला बूट एकाला अनवाणी, मग तर सोडूनच द्या. पहिल्यांदा टेस्ट देणारं पोर आणि घरी यूट्यूब बघून शटल वळायची प्रॅक्टिस करून आलेलं पोर यांच्यातपण फरक पडतो, दुसऱ्या वेळेला आकडा आपोआप सुधारतो.

शाळेचा_पीटी:
स्टॉपवॉचच. आणि हो, दोन बॅच, दोन वेळा. मैदान पण अर्धं ओलं होतं.

दुधाळीचा_विंगर:
यो-यो का नाही घेतली सर? क्रिकेटवाले तर त्याच्यावरच माणसं काढतात.

आकडेमोड:
विंगर, यो-यो चांगली टेस्ट आहे, फुटबॉलसाठीच जास्त. डेन्मार्कच्या बांग्सबोनं बनवलेली. २० मीटर जायचं, २० परत यायचं, मग १० सेकंदात ५ मीटर जाऊन चालत यायचं, बीप लवकर लवकर वाजत जातो, दोनदा चुकलं की बाहेर. लेव्हल १ ताशी १० किमीनं सुरू होते. थांबून थांबून पळायचं म्हणून मॅचच्या जवळची. पण २०१८ चं आठव, रायुडू आयपीएलमध्ये धुवाधार खेळून इंग्लंड दौऱ्याच्या वनडे टीममध्ये आला आणि यो-योत नापास म्हणून बाहेर गेला, शमीची अफगाणिस्तानविरुद्धची टेस्ट मॅच त्याच कारणानं हुकली, दोघं नंतर टीममध्ये परत आले. आणि ती मोठी माणसं, त्यांची वाढ संपलेली. १३ च्या पोरावर तसा पास-नापासचा आकडा लावायचा म्हणजे अवघडच.

चढाई_पकड:
मी कबड्डीवाला, मध्येच तोंड घालतो. आमच्याकडं खालच्या गटांत वयाबरोबर वजनाचीपण मर्यादा असते. ऐकायला बरं वाटतं, सगळी सारख्या वजनाची. पण होतं काय, वजनाच्या आदल्या दिवशी पोरं जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, स्वेटर घालून पळतात. एक पोरगं वजन करून खाली उतरताना चक्कर येऊन पडलेलं मी बघितलंय. तुम्ही फुटबॉलमध्ये वजनाचे गट करायच्या भानगडीत पडू नका, हेच सांगायला आलो.

गुडघेदुखी:
बरं केलंत सांगितलंत, कारण मी बायो-बँडिंगचं लिहिणारच होतो. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अकॅडमी अधूनमधून असे सामने लावतात की जन्मतारीख सोडायची आणि पोरगं आपल्या मोठेपणीच्या उंचीच्या किती टक्क्यांवर पोचलंय ते बघून गट पाडायचे, ८५ ते ९० टक्केवाले एकत्र. लवकर वाढलेल्याला पहिल्यांदा डोकं वापरावं लागतं आणि उशिरावाल्याला पहिल्यांदा बॉल मिळतो. बेल्जियमनं तर उशिरा वाढणाऱ्यांची राष्ट्रीय पातळीवर वेगळी टीम ठेवली. पण हे वजन बघून नाही हो, वाढ बघून.

चढाई_पकड:
आणि ते टक्के काढणार कोण, आमच्या गावात?

आकडेमोड:
कागदावर निघतात. एक पद्धत आहे त्यात पोराची उंची, वजन आणि आईबापाच्या उंचीची सरासरी लागते. दुसरी कॅनडावाल्यांची २००२ ची, त्यात वय, वजन, उभी उंची आणि बसून उंची लागते, उभीतून बसकी वजा केली की पायाची लांबी, कारण आधी पाय वाढतात मग धड. उत्तर येतं की उंची सुटायला अजून किती वर्षं आहेत किंवा सुटून किती झाली. पण सहा महिने इकडंतिकडं चुकते, आणि फार लवकर किंवा फार उशिरावाल्यात जास्तच चुकते, म्हणजे नेमकं जिथं पाहिजे तिथं. वर ही समीकरणं अमेरिका, कॅनडा, बेल्जियमच्या गोऱ्या पोरांवर बसवलेली. म्हणून त्यावर निवड करू नका, अंदाज म्हणून वापरा. सगळ्यात भारी म्हणजे दर तीन महिन्यांनी भिंतीला लावून उंची मोजायची आणि वहीत लिहायची. वर्षभरात वाढीचा वेग समोर दिसतो, समीकरण नको काही नको.

पेठकर७:
आमच्या पोरांच्या उंच्या तर म्हातारी दाराच्या चौकटीवर खुणा करून ठेवत हुती.

आकडेमोड:
आजींना तारखा लिहायला सांगायच्या होत्या 😄

आई_गोलकीपरची:
सगळे पोरांचंच बोलताय, मुलींचं कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी गोलकीपर आहे, ११-१२ ला सगळ्यांपेक्षा उंच, प्रत्येक टेस्टला पहिली. १३ नंतर आकडे थांबले, ८०० मीटर तर वाईट झाला. सर म्हणाले आळशी झाली, वजन वाढलंय, जेवण कमी करा. आम्ही भात बंद केला. शेवटी डॉक्टरांकडं नेली तर हिमोग्लोबिन ९ च्या खाली. पाळी सुरू होऊन वर्ष झालेलं, जास्त जायचं, आणि तिनं कुणाला सांगितलं नाही कारण विचारणारे सगळे सर. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ च्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्त कमी आहे, म्हणजे टीममधल्या निम्म्या मुली तशाच पळत असतील. टेस्ट घ्या पण आकडा पडला तर पोरीला शिक्षा करायच्या आधी कारण बघा ना. माझ्या मते त्या टेस्टचा आमच्यासाठी तेवढाच उपयोग झाला, आकडा पडला म्हणून रक्त तपासलं.

गुडघेदुखी:
ताई, धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट. जेवण कमी करा हे वाढीच्या वयात कुणालाच सांगू नये, मुलगा असो मुलगी असो. आता गोळ्या सुरू आहेत ना? चहाबरोबर देऊ नका, लिंबू-सरबताबरोबर द्या.

आई_गोलकीपरची:
हो, आता ११ च्या वर आलंय. परवा पेनल्टी अडवली 🙂

दुधाळीचा_विंगर:
एक इचारू का, दाखला खोटा असला तर ह्या टेस्टनं पकडता येतंय का? मागच्या वर्षी समोरच्या टीमचा सेंटर बॅक दाढी करून आलेला, रेफ्रीला काका म्हणायचं सोडून नावानं हाक मारालाता.

गुडघेदुखी:
फिटनेस टेस्टनं नाही. क्रिकेट बोर्ड वगैरे डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, टीडब्ल्यू थ्री म्हणतात त्या पद्धतीला, आणि फिफा २००९ पासून १७ खालच्या वर्ल्ड कपला मनगटाचं एमआरआय करते. पण तिथंपण तोच लोचा, हाड वय दाखवत नाही, वाढ दाखवतं. खरंच लवकर वाढलेलं प्रामाणिक पोरगं त्यात अडकू शकतं. दाढीवाल्याचं मात्र सांगता येत नाही 😄

वशिलामुक्त:
सगळं वाचलं. आता सर तुम्हाला एक अडचणीचा प्रश्न विचारतो. स्पर्धा काही हाडांचं वय बघून खेळत नाहीत. पुढच्या महिन्यात तुमची १८ पोरं समोरच्या मिसरूडवाल्यांशी खेळणार आणि चार-शून्यनं हरणार. मग मॅनेजमेंट काय म्हणणार? पालक ग्रेस मार्काचं विचारणार, पुढं नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचं विचारणार. आज जिंकायचं का चार वर्षांनी खेळाडू बनवायचा, दोन्ही एका लिस्टीत बसत नाही.

शाळेचा_पीटी:
रात्रभर हाच विचार केला. मी काय ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर झोडपा.

टीम १८ चीच लागणार, त्यातली १२ आत्ता जिंकून देऊ शकतात अशी, मग ती मिसरूडवाली असली तरी असू देत, त्यांचाही काय गुन्हा नाही. ६ जागा मी खेळ बघून भरणार, त्यात बारका आला, कागदावर त्याच्यापुढं कारण लिहिणार, की चार विरुद्ध चार लहान मैदानात दोन टचमध्ये (बॉलला दोनदाच पाय लावायचा) खेळवलं तेव्हा याचा बॉल गेला नाही. म्हणजे वशिलामुक्त म्हणतात तसा आकडा नाही पण लिहिलेलं कारण तरी आहे, कुणीपण येऊन बघावं. बघायला दुसऱ्या शाळेचे दोन पीटी बोलावणार, त्यांचे मार्क वेगळे, माझे वेगळे. आणि उरलेली ४० पोरं घरी पाठवणार नाही, शनिवारी-रविवारी दुसरा गट म्हणून चालवणार, चार महिन्यांनी परत बघणार. टेस्ट बंद करणार नाही, पण दुसऱ्याशी तुलना नाही, ज्याची त्याच्या मागच्या आकड्याशी. मॅनेजमेंटला एक्सेल पायजे, तर त्याच एक्सेलमध्ये उंचीचा कॉलम वाढवून देतो, त्यांना पण बरं वाटेल.

पेठकर७:
लिहिलेलं कारण ह्ये लई भारी. तसलं पेठेतल्या निवडीलाबी पायजे हुतं. ४० पोरं एकट्यानं कशी सांभाळणार सर? रविवारी मी येतो, शिट्टी वाजवायला तरी. पैसं नकोत, मिसळ द्या.

वशिलामुक्त:
१२-६ पटलं नाही पूर्ण, ८-१० केलं असतं मी. पण दुसरे दोन पीटी आणणार म्हणालात, ते आवडलं. तेवढं शेवटपर्यंत टिकवा, पहिल्या वर्षी आणतात आणि दुसऱ्या वर्षी कुणी येत नाही.

आकडेमोड:
सर उंची मोजताना बूट काढा, टाच-ढुंगण-पाठ भिंतीला, आणि प्रत्येक वेळी सकाळीच मोजा, माणूस संध्याकाळपर्यंत सेमीभर खाली बसतो. बसकी उंची घ्यायची तर स्टूल सपाट बघा, स्टुलाची उंची वजा करायला विसरू नका. एक्सेल मी करून देतो, नावं काढून पाठवा, फक्त नंबर टाका.

शाळेचा_पीटी:
पाठवतो. स्टूल शाळेच्या प्रयोगशाळेतलं आणतो, बाईंनी दिलं तर.